धूळ किती ते कण्हेरीला विचारा

मोबाईलवर सोलापूरची हवा बघायला गेलं की एक आकडा येतो आणि एक रंग. हिरवा, पिवळा, कधी नारिंगी. अख्ख्या शहराला एकच. आता तुम्हीच सांगा, अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या गेटवर उभा असलेला माणूस आणि विजापूर रोडला वनविहारात सकाळी चालायला गेलेला माणूस, दोघं एकच हवा घेतात का? ज्याने ह्या गावात उन्हाळ्यात टू-व्हीलर चालवलीय त्याला हे सांगायला नको. जुन्या पुणे नाक्यावरनं आत येताना वेगळी धूळ, सात रस्त्याला वेगळी, अशोक चौकाच्या बाजूला लूमच्या गल्लीतनं जाताना वेगळी, रुमाल तोच, तोंड तेच, पण संध्याकाळी रुमालाचा रंग रोज दुसरा.

ह्यात यंत्राचा दोष नाही. हवा सतत मोजणारं एक स्टेशन उभं करायचं म्हणजे कोटीच्या घरात खर्च, वर वीज, एसी, कॅलिब्रेशन, सांभाळणारा माणूस. म्हणून कुठल्याही शहरात ती मोजकीच असतात. ती जिथं आहेत तिथली हवा अचूक सांगतात, तिथून दोन किलोमीटरवरच्या शाळेच्या गेटची नाही सांगू शकत. मग ती कोण सांगणार? मला विचाराल तर पानं सांगतील. डिव्हायडरमधली, कुंपणावरची, रस्त्याकडेची साधी पानं. बरेच दिवस मी ह्याच नादात आहे आणि आता नीट लिहून काढावं वाटलं, पोस्ट मोठी होणार आहे, चहा घेऊनच बसा.

आधी थोडं पीएमबद्दल, म्हणजे पुढचं सोपं जाईल. हवेतले १० मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण म्हणजे पीएम १०, आणि २.५ मायक्रॉन आणि त्याखालचे म्हणजे पीएम २.५. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरनं अंदाज घ्या. जरा मोठे कण नाकात, घशात, श्वासनळीत अडकतात, बारीक असतात ते फुप्फुसाच्या पार टोकापर्यंत पोचतात. बाहेरच्या हवेतलं प्रदूषण, आणि त्यातले हे कण, माणसात कॅन्सर करतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने २०१३ साली जाहीर केलं. आपल्या देशाची मर्यादा म्हणाल तर पीएम १० ला २४ तासांची सरासरी घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आणि वर्षाची ६०, पीएम २.५ ला ६० आणि ४०. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वर्षाची मर्यादा फक्त ५ वर आणली. आणि आपलं सोलापूर, केंद्राने २०१९ ला जो राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला ना, त्यातल्या मर्यादेत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. म्हणजे प्रश्न आहे हे सरकारी कागदावर मान्य आहे. कुठल्या गल्लीत किती आहे, हे मात्र कुठल्या कागदावर नाही.

आता पानाकडे या. पान दिवसरात्र एकाच जागी हवेत उघडं असतं. वाऱ्याबरोबर कण येतात, पानाच्या पृष्ठभागावर आपटतात, बसतात. काही पुन्हा वाऱ्याने उडतात, काही पावसाने धुऊन जातात, पण काही कण पानावर जो मेणाचा थर असतो त्यात रुततात आणि ते मात्र पावसाने हलत नाहीत. सगळी पानं सारखी धूळ धरत नाहीत. मी टॉवेलच्या धंद्यातला माणूस, मला ते असं दिसतं की करंजाचं गुळगुळीत चकचकीत पान म्हणजे पॉपलीन आणि पारिजातकाचं खरखरीत पान म्हणजे टेरी टॉवेल, ज्याला लूप आहेत तो जास्त धरणार. पानावरची लव, खडबडीतपणा, शिरांच्या खोबणी, मेणाचा थर, पानाची रुंदी, देठ किती हलतो, ह्या सगळ्यावर ते ठरतं. कडुनिंब सोलापुरात जिकडंतिकडं आहे पण त्याच्या पानाच्या पाकळ्या बारीक, गुळगुळीत आणि सारख्या हलणाऱ्या, त्यामुळे मोजणीला तो फार कामाचा नाही. सावलीला आहेच, त्यात वाद नाही.

झाडाझुडपांवरनं हवा ओळखायची ही कल्पना जुनी आहे. आपण काळ्या मसाल्यात दगडफूल घालतो ना, ते म्हणजे लायकेन, बुरशी आणि शेवाळ मिळून झालेला जीव. १८६६ साली विल्यम नायलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग बागेत बघितलं की गावात इतरत्र झाडांवरनं दगडफुलं गायब झालीत आणि ह्या बागेत अजून आहेत, आणि त्याने ते हवेशी जोडलं. दगडफुलाला मुळं नसतात, जे काय घ्यायचं ते हवेतनं आणि पावसातनं, त्यामुळे कोळशाच्या धुरातल्या सल्फरने ते आधी मरतं. पण आपल्या कोरड्या गावात शहरातल्या झाडांवर दगडफूल शोधत बसण्यात अर्थ नाही. आपल्याला पानच बरं.

पानावरच्या धुळीचं नवीन काम जे झालंय ते मला फार आवडलं. इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठातल्या प्राध्यापिका बार्बरा माहेर, त्यांनी पानं लोहचुंबकत्वावर मोजली. म्हणजे असं की गाडीच्या इंजिनातनं, ब्रेक घासल्यावर, कोळसा जळल्यावर जे कण निघतात त्यात लोखंडाचे ऑक्साईड असतात, मॅग्नेटाईट वगैरे. पानाला जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवायचं, बाहेर काढायचं, आणि त्यात किती चुंबकत्व उरलं ते संवेदनशील यंत्रावर वाचायचं. पान जाळायला नको, विरघळवायला नको, काही मिनिटांत काम. त्यांनी २०१३ च्या अभ्यासात तर रहदारीच्या रस्त्यावरच्या काही घरांसमोर बर्चच्या रोपांची रांग उभी केली आणि घरातल्या टीव्हीच्या स्क्रीनवर बसलेली धूळ पुसून तीही मोजली. झाडं पुढे असलेल्या घरात कण निम्म्याहूनही कमी भरले. टीव्हीच्या स्क्रीनवरची धूळ! ती आपण रोज पुसून टाकतो.

बेल्जियममध्ये अँटवर्पला तर अजून पुढची गोष्ट केली. २०१४ मध्ये तिथल्या विद्यापीठाने लोकांना स्ट्रॉबेरीची रोपं दिली, रस्त्याकडच्या खिडकीत ठेवा म्हणाले, काही आठवड्यांनी पानं परत घेतली आणि त्यांचं चुंबकत्व मोजलं. शेकडो घरं एका वेळी. इतकी स्टेशनं कुठलं सरकार उभी करणार? स्ट्रॉबेरी का, तर रोप लहान, खिडकीत मावतं, आणि एकाच जातीची एकाच वयाची रोपं सगळीकडे गेली की तुलना खरी होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि हे सगळं काही परदेशातच चाललंय असं नाही, आपल्याकडे मिझोराम विद्यापीठात प्रभात कुमार राय यांनी ऐझॉलमध्ये वड, आंबा, पेरू अशा आपल्या ओळखीच्या झाडांच्या पानांवर हीच चुंबकाची पद्धत वापरलीय.

हे वाचल्यावर माझ्याही मनात आलं की सोलापुरात असंच करावं. पण इथं एक मोठी गोष्ट आडवी येते आणि ती मला फारशी कुणी बोललेली दिसत नाही म्हणून जरा थांबून सांगतो.

आपण राहतो दख्खनच्या काळ्या पाषाणावर. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून झालेला हा बेसाल्ट. ह्या दगडातच मॅग्नेटाईटच्या जातीची खनिजं भरलेली असतात. दगड झिजला, माती झाली, ती खनिजं मातीत आली. लहानपणी फुटक्या स्पीकरमधला चुंबक दोऱ्याला बांधून मातीतनं ओढत फिरलेला आठवतोय का, चुंबकाला काळ्या मिशा फुटायच्या! ती हीच. आता विचार करा, बेल्जियममध्ये पान चुंबकाला जास्त ओढ दाखवतंय म्हणजे गाड्या, रेल्वे, कारखाने असं म्हणायला वाव आहे. सोलापुरात पान ओढ दाखवेल तेव्हा ती ट्रकच्या ब्रेकची असेल किंवा शेजारच्या उकरलेल्या रस्त्याच्या मुरमाची असेल, चुंबक एकटा ते वेगळं करून देणार नाही. खडी क्रशरजवळच्या पानाने तर सगळ्यात जोरात उत्तर दिलं पाहिजे, तिथं एकही गाडी नसली तरी. म्हणून इथं ज्याला हे शास्त्रशुद्ध करायचंय त्याने चुंबकाच्या जोडीला धुळीतले धातूही बघितले पाहिजेत. ब्रेकच्या झिजेतनं बेरियम, अँटिमनी, तांबं येतं, टायरच्या झिजेतनं जस्त येतं, नुसत्या मातीत त्यांचं प्रमाण वेगळं असतं. आपल्या विद्यापीठातल्या मुलामुलींना पीएचडीला विषय हवा असेल तर हा घ्या, तयार पडलाय, आणि तो इथंच, ह्या काळ्या मातीवरच करण्यासारखा आहे.

माझ्याकडे मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकत्व मोजायचं यंत्र, नाही. माझ्याकडे आहे टॉवेलच्या फॅक्टरीतली टेस्टिंगची नोकरी, आणि मालकांची परवानगी की काम संपल्यावर काटा वापरा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टॉवेलचा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम ते, काढायला गोल कटर असतो, १०० चौरस सेंटीमीटरचा तुकडा कापतो, तो नाजूक काट्यावर ठेवायचा, ग्रॅमला १०० ने गुणायचं, झाला जीएसएम. रोजचं काम आहे. तर मग मी धुळीचं वजनच करायचं ठरवलं, आणि गंमत म्हणजे कापडातल्या सगळ्या खोड्या इथं जशाच्या तशा उपयोगी पडल्या.

कसं करतो ते सांगतो. एका जागेवरची ठरावीक पानं देठाला धरून कापायची, पानाला बोट लावायचं नाही. डिस्टिल्ड वॉटर घेतलेल्या बीकरमध्ये मऊ ब्रशने दोन्ही बाजू हळू धुवायच्या. पाणी गढूळ होतं, अगदी डोळ्यांना दिसेल इतकं. ते आधी वजन केलेल्या फिल्टर पेपरमधनं गाळायचं. पेपर ओव्हनमध्ये वाळवायचा, परत वजन, फरक म्हणजे धूळ. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेख फिल्टर पेपरच्या वजनात आहे. पेपर म्हणजे शेवटी सेल्युलोज, म्हणजे कापूसच. कापूस हवेतला ओलावा ओढतो, धंद्यात कापसाचा मॉइश्चर रिगेन, म्हणजे कोरड्या वजनाच्या मानाने ओढलेलं पाणी, ८.५ टक्के धरतात. म्हणजे ओव्हनमधनं काढलेला पेपर काट्यावर ठेवलात की तुमच्या डोळ्यासमोर आकडा वर चढत जातो, कारण तो पाणी पितोय. शेवटचे आकडे थांबतच नाहीत. धूळ मिलिग्रॅममध्ये, आणि पेपरने प्यायलेलं पाणीही मिलिग्रॅममध्ये, मग काय मोजलं? म्हणून धूळ धरायच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा पेपर एकसारखा वाळवायचा, सिलिका जेल ठेवलेल्या बंद भांड्यात गार करायचा, आणि काट्यावर ठेवला की लगेच वाचायचा. शिवाय प्रत्येक खेपेला एक कोरा पेपर सोबत न्यायचा, त्यातनं नुसतं डिस्टिल्ड वॉटर गाळायचं, बाकी सगळं तसंच करायचं. त्याचं वजन बदललं तर तेवढा फरक सगळ्यांतनं वजा.

आणि पानाचं क्षेत्रफळ? मोठ्या पानावर जास्त धूळ असणारच, म्हणून दर चौरस सेंटीमीटरला किती ते काढावं लागतं. शाळेत आलेख कागदावर चौकोन मोजायला लावतात, त्यात जीव जातो. आमच्याकडे सोपं आहे. साध्या झेरॉक्सच्या कागदावर पान ठेवून पेन्सिलने कड काढायची, कात्रीने तो आकार कापायचा आणि वजन करायचं. त्याच रीममधल्या कागदाचा १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा कापून त्याचंही वजन. त्रैराशिक मांडा, क्षेत्रफळ हातात. हे ज्याने आयुष्यभर जीएसएम काढलाय त्याला शिकवावं लागत नाही, आणि नववीतल्या मुलालाही जमतं.

झाड कुठलं घ्यायचं ह्यावर मी बराच घोळलो. स्ट्रॉबेरीचा मुद्दा आठवा, जात एकच हवी. पहिल्यांदा रुई डोळ्यासमोर आली, कारण रस्त्याकडेला कुठंही उगवते, शनिवारी मारुतीला माळ लागते म्हणून लोकांना ओळखीचीही आहे. पण रुईच्या पानावर स्वतःचीच पांढरी लव-पूड असते, धुताना ती उतरते, वर चीक, वजनात काय धूळ आणि काय रुई कळायचं नाही. पारिजातक धूळ धरायला एक नंबर, पण तो अंगणात, वाड्यात, देवळात, रस्त्यावर नाही, आणि उन्हाळा लागला की पानं झडतात. शेवटी कण्हेर. डिव्हायडरमध्ये आहे, बंगल्याच्या कुंपणाला आहे, देवळात आहे, वर्षभर हिरवी, उन्हाला दाद देत नाही. पान चामड्यासारखं जाड, लांबट, हाताळायला सोपं. आणि एका पेरावर तीन तीन पानं येतात त्यामुळे शेंड्यापासून खाली मोजत गेलं की सगळीकडे साधारण एकाच वयाचं पान घेता येतं, हे फार महत्त्वाचं आहे कारण जुन्या पानाने साहजिकच जास्त दिवस धूळ खाल्लेली असते. एक मात्र, कण्हेर विषारी आहे, सगळीच्या सगळी. पोरांना हातमोजे द्या, नंतर साबणाने हात धुवायला लावा, पान तोंडात घालायचं नाही हे दोनदा सांगा.

बाकी नियम थोडक्यात. उंची सगळीकडे एकच, मी छातीच्या उंचीला घेतो. रस्त्याच्या बाजूची फांदी. शेवटचा पाऊस कधी पडला ते लिहून ठेवायचं आणि सगळ्या जागा एकाच दिवशी करायच्या. जिथं टँकरने डिव्हायडरच्या झाडांना पाणी मारतात तिथली पानं घ्यायची नाहीत, ती आंघोळ केलेली असतात. दिवाळी झाली की मे महिन्यापर्यंत आपल्याकडे पाऊस जवळजवळ नसतोच, एरवी ह्या दुष्काळी पट्ट्याबद्दल आपण वाईट वाटून घेतो पण पानावरची धूळ मोजायला इतकं सलग कोरडं हवामान युरोपातल्या लोकांना कुठनं मिळणार.

वजनाने किती ते कळतं, काय आहे ते कळत नाही. त्याच्यासाठी माझी भाची, अकरावी सायन्सला आहे, तिच्याकडे फोल्डस्कोप आहे. स्टॅनफर्डमधले मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप, साधारण १४० पट मोठं दिसतं, आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही शाळा-कॉलेजांना दिले होते. पानाच्या वरच्या बाजूला पारदर्शक सेलोटेप हलकेच दाबायची, उचलायची, काचेच्या पट्टीवर चिकटवायची, झाली स्लाईड.

ह्यात जे दिसतं ते प्रत्येकाने एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं. वनविहाराजवळच्या स्लाईडवर मातीचे टोकदार कण तर असतातच, पण परागकण आणि बुरशीचे बीजाणूही असतात, म्हणजे पानावरचं सगळंच काही प्रदूषण नसतं. जड वाहतुकीच्या रस्त्यावर काळ्या काजळीच्या गुठळ्या, झुपक्यासारख्या. आणि दाजी पेठ, साखर पेठेच्या बाजूला, जिथं लूम अजून चालतात, तिथल्या पानावर धागे. बारीक, पिळलेले कापसाचे तंतू, त्यातले काही रंगीत, एकात तर स्वच्छ राणी कलर, चादरीतला. भाची म्हणाली, "मामा, हे तर आपल्या घरातलं ब्लँकेट आहे." मी काही बोललो नाही लगेच. माझ्या आईने आयुष्यभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या. घरी यायची तेव्हा भुवयांवर कापूस असायचा, आणि सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त होणं ही त्याची ओळखीची खूण आहे, हे मला फार नंतर वाचून कळलं. कारखान्याच्या आतली धूळ ही वेगळी आणि मोठी गोष्ट आहे, पण गल्लीतल्या कण्हेरीवर ते धागे सापडले म्हणजे ती धूळ भिंतीच्या आत थांबत नाही एवढं तरी नक्की.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पानावरच्या वजनाचं एक्यूआयमध्ये, म्हणजे मोबाईलवरच्या त्या आकड्यात, रूपांतर करता येत नाही, घनमीटरला इतके मायक्रोग्रॅम असं पान कधीच म्हणणार नाही. पान फक्त एवढं सांगतं की ह्या जागेपेक्षा त्या जागेवर धूळ जास्त बसते. दुसरं, माझा ४२ नंबरचा फिल्टर पेपर साधारण २.५ मायक्रॉनच्या वरचं धरतो, त्याहून बारीक पाण्याबरोबर निघून जातं, म्हणजे सगळ्यात घातक हिस्सा माझ्या मोजणीत नाही. मेणात रुतलेले कणही पाण्याने निघत नाहीत. वॉर्सामधल्या संशोधकांनी त्याच्यासाठी पाण्यानंतर क्लोरोफॉर्मने पानं धुतली आणि एकाखाली एक बारीक होत जाणाऱ्या फिल्टरमधनं गाळून वेगवेगळ्या आकाराचे कण वेगळे मोजले. ते क्लोरोफॉर्मचं काम नीट लॅबमध्येच व्हावं, घरी किंवा शाळेत कुणी करायला जाऊ नका.

कॉलेजचे प्रोजेक्ट बघितले तर बहुतेक ठिकाणी एपीटीआय काढतात, एस्कॉर्बिक अ‍ॅसिड, हरितद्रव्य, पानाच्या रसाचा पीएच आणि पाण्याचं प्रमाण ह्यावरनं निघणारा निर्देशांक, १९८३ पासनं चालत आलाय. चांगला आहे, पण तो सांगतो झाड प्रदूषण किती सोसेल, हवेत धूळ किती आहे ते नाही. दोन्हींची गल्लत नको. आणि झाडं लावली की धूळ संपली असंही नाही, उंच इमारतींच्या अरुंद रस्त्यात दाट छत्रीची झाडं उलट खालची हवा कोंडूनही ठेवतात, कुठं काय लावायचं ते जागा बघून ठरवावं लागतं.

पण मर्यादा सांगून झाल्यावरही मला वाटतं की आपल्याला आत्ता जी माहिती हवीय ती नेमकी पानाकडे आहे. एकदा पानं गोळा करत होतो तेव्हा रस्ता झाडणाऱ्या एक मावशी थांबल्या. "काय करायलाय हो, पानं कशाला कापायलाय?" सांगितलं, धूळ मोजायची आहे. त्या म्हणाल्या, "मग हितं कशाला, त्या वळणावर जावा की. ट्रक वळत्यात तिथं रोज पाटीभर माती निघती. हितं काय नाही." मी वळणावरचीही पानं घेतली. धुतल्यावर बीकर शेजारी शेजारी ठेवले तर वळणावरच्याचं पाणी चहासारखं आणि इकडचं नुसतं मळकट. मावशींना ते काट्याशिवाय माहीत होतं. झाडणाऱ्या प्रत्येक बाईला आपापल्या पट्ट्यातलं हे माहीत असणार, आणि धुळीचा नकाशा करायला बसणाऱ्या कुणीही सगळ्यात आधी त्यांना विचारावं. त्या मावशींच्या नाकातोंडाला साधा ओढणीचा पदर होता, चांगला मास्क नव्हता, हेही इथं लिहून ठेवतो.

नकाशा झाला तर त्याचा उपयोग रोजचा आहे. रस्ता आधी कुठं झाडायचा, यांत्रिक झाडू कुठं फिरवायचा, कडेचा मातीचा पट्टा कुठं पेव्हरने झाकायचा, कुठल्या शाळेच्या गेटसमोर जड वाहतूक शाळा सुटायच्या वेळी थांबवायची. हे सगळे निर्णय आज अंदाजाने होतात किंवा होतच नाहीत. शहरातनं जाणाऱ्या जड वाहतुकीवर आपण अपघातांमुळे किती वर्षं बोलतोय, त्या ट्रकमागे उडणारी धूळ आणि ब्रेकची पूड हा त्याच भांडणातला दुसरा मुद्दा आहे आणि तो हातात वजन घेऊन मांडता आला पाहिजे.

आणि सोलापूरसाठी एक खास प्रयोग डोक्यात आहे, तो म्हणजे गड्डा. संक्रांतीला सिद्धेश्वर महाराजांची यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, आणि होम मैदानावर जानेवारीभर पाळणे, खाऊची दुकानं, लाखो पावलं. पाऊस नाही, थंडीत हवाही खाली बसलेली असते. धुळीचा त्रास होतो हे दरवर्षी सगळेच बोलतात. तर यात्रा सुरू व्हायच्या आधी मैदानाभोवतीच्या फांद्यांवरची काही पानं धुऊन पुसून खुणेचा दोरा बांधून ठेवायची, म्हणजे सगळ्यांची सुरुवात शून्यापासनं, आणि गड्डा उठल्यावर तीच पानं काढून मोजायची. तशीच पानं त्याच दिवसांत वनविहाराच्या बाजूला, धर्मवीर संभाजी तलावाजवळ, विडी घरकुलात आणि नीलम नगरात. मैदानावर पाणी मारल्याने किती फरक पडतो, दुकानदारांची, पाळणेवाल्यांची पोरं महिनाभर ज्या धुळीत झोपतात ती गावाच्या इतर भागापेक्षा किती जास्त, ह्याचं पहिल्यांदा काहीतरी उत्तर मिळेल.

ज्यांना सामील व्हायचंय त्यांनी आपल्या भागातली कण्हेर आत्ताच हेरून ठेवा. शिक्षक असाल तर वर्गातली मुलं घ्या, काटा नसेल तर वजनाचं माझ्याकडे सोपवा, सेलोटेपच्या स्लाईडी तुम्ही करा. पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम सुटतो आणि धूळ पिशवीला चिकटते, साधं कागदी पाकीट घ्या, एका पाकिटात एकाच जागेची पानं, आणि वर पेनने चार गोष्टी लिहा, जागा, तारीख, जमिनीपासनं उंची, आणि पान रस्त्याच्या बाजूचं होतं की आतल्या.